मीठ धुणाऱ्या घरातली मुलगी : लक्ष्मीबाई टिळक आणि एकत्र जेवणाची गोष्ट

आजच्या भागात लढाया नाहीत, किल्ले नाहीत, तह नाहीत. आज आहे जेवण. साधं रात्रीचं जेवण. आई, बाबा, पोरं, असली तर आजी, सगळे एकत्र बसून जेवतायत, एवढंच दृश्य. विषय सुचला तो एका प्रश्नावरून. ख्रिस्ती घरांमध्ये जेवणाआधी सगळे थांबतात, छोटी प्रार्थना होते आणि मग एकत्र जेवतात. ही पद्धत आपल्या मराठी मातीत रुजली कशी? आणि त्यात लहान मुलांच्या वाट्याला काय आलं?

वाचायला सुरुवात केली आणि लक्षात आलं की हा विषय दिसतो तितका गोड नाही. आज आपण म्हणतो, "अरे, निदान रविवारी तरी सगळे एकत्र जेवू या." दीडशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात 'कुणाबरोबर जेवलास?' या प्रश्नावर माणसाचं घर, लग्न, नोकरी, सगळं ठरायचं. शब्दशः.

आपल्या स्टेशनपासून सुरुवात करू. अंबरनाथ पूर्वेला उतरलात की वडापावच्या गाड्या दिसतात. त्यातला वडा आपला, पण पाव आला पोर्तुगीजांबरोबर. एकोणिसाव्या शतकात हा पाव म्हणजे चक्क स्फोटक वस्तू होती. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा नावाची एक गुप्त संघटना सुरू झाली. दादोबा पांडुरंग हे तिच्यातलं मोठं नाव. जातिभेद मोडायचा, हा तिचा हेतू. आत घेण्याआधी नव्या सभासदाची परीक्षा काय असायची, माहितीये? ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचं पाणी प्यायचं. झालात सभासद. हे सगळं बंद दाराआड. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावं फुटणार म्हणून घबराट उडाली आणि सभा मोडली. पावाचा एक तुकडा, आणि त्यासाठी शिकलेली माणसं घाबरून पांगली.

का घाबरली असतील? कारण त्याआधी काही वर्षं, १८४३ मध्ये, याच मुंबईत एका मुलाचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

मुलाचं नाव श्रीपत शेषाद्री. वय साधारण १२. तो आणि त्याचा मोठा भाऊ नारायण स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत होते. नारायणने बाप्तिस्मा घेतला. श्रीपत भावामागोमाग मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडील कोर्टात गेले आणि मुलगा लहान आहे म्हणून कोर्टाने त्याचा ताबा वडिलांना दिला. कायद्यापुरती गोष्ट संपली. पण पुढे खरा प्रश्न उभा राहिला. श्रीपतचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण तो त्या घरात राहिला होता, जेवला होता. आता याला जातीत घ्यायचं कसं? आपल्याला ज्यांचं नाव 'दर्पण'मुळे माहीत आहे, त्या बाळशास्त्री जांभेकरांनी मुलाची बाजू घेतली. प्रायश्चित्त द्या आणि पोराला घरात घ्या, असं त्यांचं म्हणणं. सनातनी मंडळी खवळली. श्रीपतला घेऊ म्हणणाऱ्यांवरच बहिष्काराची भाषा सुरू झाली. शहर दोन गटांत फुटलं. बारा वर्षांचा पोरगा, आणि भांडण कशावरून, तर तो कुणाच्या घरी जेवला यावरून.

त्याचा भाऊ नारायण पुढे रेव्हरंड नारायण शेषाद्री झाला. जालन्याजवळ त्याने बेथेल नावाचं ख्रिस्ती गाव वसवलं. पण घर तुटलं ते तुटलंच.

तुम्हाला वाटेल, हे फार जुनं झालं, नंतर सुधारलं असेल. तर मग १८९० मध्ये पुण्यात या. पंच हौद मिशन. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे पती, एकदम तिरकस डोक्याचा माणूस. त्यांनी पुण्यातली नामवंत मंडळी व्याख्यानासाठी मिशनमध्ये जमवली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यान झालं आणि समोर चहा-बिस्किटं आली. कुणी प्यायलं, कुणी नुसता कपाला हात लावून खाली ठेवला. नंतर ही नावं पेपरात छापून आली. मग काय! ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि शेवटी टिळकांना आणि रानड्यांनाही प्रायश्चित्ताचा मार्ग घ्यावा लागला. एक कप चहा, मंडळी! आपण ऑफिसमध्ये दिवसाला पाच पितो.

हा सगळा पसारा सांगितला तो एवढ्यासाठी, की आता ज्या बाईंची गोष्ट सांगणार आहे त्यांच्या घरात हेच सगळं घडलं. पण सभेत किंवा कोर्टात नाही. स्वयंपाकघरात.

लक्ष्मीबाई टिळक. जन्म १८६८. माहेरचं नाव मनकर्णिका, घरात मनू. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' १९३० च्या दशकात पुस्तकरूपाने आलं आणि आजही मराठीतलं सगळ्यात जिवंत गद्य कोणतं म्हटलं की अनेक जण तेच नाव घेतात. शाळेत तुम्ही एखादा उतारा वाचलाही असेल.

मनूच्या लहानपणीच्या घराची खूण एकच : सोवळं. सोवळं म्हणजे स्वयंपाकाची आणि जेवणाची शुद्धता पाळणं, आणि त्यासाठी शिवाशिव टाळणं. तेव्हा अनेक घरांत ते होतं. पण मनूच्या वडिलांचं सोवळं टोकाला गेलेलं. १८५७ च्या बंडानंतर जवळच्या नात्यातल्या माणसाला फाशी झाली, आणि त्या धक्क्यानंतर त्यांना हे वेड लागलं. बाजारातून आलेली वस्तू धुवून घ्यायची. मीठसुद्धा! आता मीठ धुतल्यावर मागे काय उरतं, ते तुम्हीच सांगा. लक्ष्मीबाई हे सगळं इतकं हसत हसत लिहितात की आपणही हसतो. पण जरा थांबून विचार केला की कळतं, त्या घरात लहान मुलांसाठी अन्न म्हणजे धास्ती होती. कुठे हात लागला, काय विटाळलं, आता ओरडा बसणार. जेवण म्हणजे परीक्षा.

अकरा-बारा वर्षांची असताना मनूचं लग्न झालं. नवरा नारायण वामन टिळक. कवी. डोक्यात वारा भरलेला, रागीट, प्रेमळ, हातात पैसा न टिकणारा, घरी कुणालाही जेवायला घेऊन येणारा. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन माणसाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. त्यांनी तो वाचला, आणि १० फेब्रुवारी १८९५ या दिवशी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंसाठी हे आभाळ कोसळणं होतं. मुलगा दत्तू अगदी लहान, चारही वर्षांचा नाही. नवरा जातीबाहेर गेला म्हणजे त्याच्या हातचं पाणी चालत नाही. त्याच्या घरात राहणं शक्य नाही. त्या माहेरच्या नातेवाइकांकडे गेल्या. पोर एकीकडे, बाप दुसरीकडे. आपण आज 'फॅमिली डिनर' म्हणतो, त्यातली फॅमिलीच दोन तुकड्यांत.

काही काळाने त्या परत नवऱ्याकडे आल्या, अहमदनगर भागात. पण आल्या त्या स्वतःची चूल घेऊन. माझा स्वयंपाक वेगळा, माझं पाणी वेगळं. एका संसारात दोन धर्म. आणि इथे टिळकांची एक गोष्ट मला फार मोठी वाटते. हा माणूस साध्या साध्या गोष्टींवर भडकणारा. पण धर्माच्या बाबतीत त्यांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही. 'मी ख्रिस्ती झालो, आता तूही हो, माझ्या ताटाशेजारी बस', असा हुकूम सोडला नाही. तेव्हाच्या नवऱ्याला तो सोडता आला असता, कुणी आश्चर्यही केलं नसतं. ते थांबले. चक्क काही वर्षं.

आणि बदल झाला तो लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या डोक्यात. पादरीसाहेबांचं प्रवचन ऐकून नाही. विचार करता करता त्यांना प्रश्न पडला : ही जात देवाने केली की माणसाने? पशुपक्ष्यांच्या जाती दिसतात तशा माणसाच्या अंगावर कुठे दिसतात? उत्तर सापडलं तसं त्यांनी ठरवलं की यापुढे कुणाच्याही हातचं खाईन-पिईन. म्हणजे बघा, आधी मोडलं ते सोवळं, धर्म बदलला नंतर. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी.

मीठ धुणाऱ्या बापाच्या पोरीने हे केलं. मला वाटतं, याची किंमत आपल्याला नीट कळतच नाही. आपण ते 'सुधारणा' या एका शब्दात गुंडाळतो. पण लहानपणापासून ज्या गोष्टीची किळस शिकवली, ती गोष्ट तोंडात घालणं हे डोक्याचं काम नाही, अख्ख्या अंगाचं काम आहे.

आणि त्यानंतर टिळकांचं घर कसं झालं? भरलेलं. तो काळ दुष्काळाचा आणि प्लेगचा. अनाथ मुलं सगळीकडे. टिळकांच्या घरात स्वतःच्या मुलाबरोबर सांभाळायला घेतलेली मुलंही वाढली. पाहुणे तर विचारूच नका. पगार हातात यायच्या आधी वाटला जायचा आणि चुलीवर काय शिजवायचं हे कोडं बाईंना सोडवावं लागायचं. त्यात भांडणं होती, रुसवे होते, आणि प्रचंड हसणं होतं.

याच घरात एक तरुण येऊन राहिला. त्र्यंबक बापूजी ठोमरे. म्हणजे आपले बालकवी! १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात या सतरा वर्षांच्या मुलाचं नाव गाजलं, आणि पुढे तो नगरला टिळकांकडे राहिला. तो ख्रिस्ती नव्हता, झालाही नाही. त्या घरात त्याला कुणी 'आधी आमच्यातला हो, मग जेव' म्हटलं नाही. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखं वागवलं. १९१८ मध्ये भादलीला रेल्वेच्या अपघातात तो गेला, आणि पुढच्याच वर्षी टिळकही गेले. आपण ज्या कविता शाळेत पाठ केल्या, त्या लिहिणारा पोरगा कुठल्या चुलीवरचं जेवला, हे पण इतिहासात यायला हवं ना?

आता कुणी म्हणेल, म्हणजे धर्म बदलला की सगळे एका पंगतीत. नाही हो. इतकं सोपं नव्हतं. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनकडे आलेली बहुतेक माणसं महार आणि मांग समाजातली होती. त्यांच्या शेजारी वरच्या जातीतून आलेल्यांनी बसायचं, एकाच पेल्यातून प्रभुभोजन घ्यायचं, हे अनेकांना जड गेलं. धर्म बदलला तरी पंगतीतली जात लगेच उठून गेली नाही. म्हणून तर मराठी चर्चमध्ये 'प्रीतिभोजन' या शब्दाला वजन आहे. सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं, हा तिथे नुसता कार्यक्रम नव्हता. ती परीक्षा होती, आणि ती पुन्हा पुन्हा द्यावी लागायची.

आणखी एका बाईंचं ताट बघू. पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडला त्यांनी लहानग्या मनोरमासह बाप्तिस्मा घेतला. पण त्या शाकाहारीच राहिल्या. तिथल्या थंडीत, तिथल्या लोकांत राहून मांस खाल्लं नाही. १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन सुरू केलं तेव्हा तिथल्या ब्राह्मण विधवांना आपले जेवणाचे नियम पाळायची मोकळीक ठेवली. आणि पुढे दुष्काळात त्याच रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये शेकडो उपाशी मुलींना आणून जेवू घातलं. एकत्र जेवायचं म्हणजे सगळ्यांच्या ताटात एकच पदार्थ हवा असं नाही, हे त्यांना बरोबर कळलं होतं.

मग मुलांचं काय? ख्रिस्ती परंपरेत जेवणाच्या गोष्टी भरपूर आहेत, आणि त्यात मुलं आहेत. योहानाच्या शुभवर्तमानात पाच हजारांच्या जेवणाची गोष्ट आहे. डोंगरावर माणसंच माणसं, खायला काही नाही. मोठी माणसं हिशेब करतायत, इतके पैसे लागतील, तितके लागतील. आणि अन्न निघतं कुणाकडे? एका पोराकडे. जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या. म्हणजे पोराचा डबाच म्हणा ना! मराठी बायबलमध्ये तिथे 'भाकरी' आहे, आणि प्रभूच्या प्रार्थनेतही रोजची 'भाकर'च मागितली आहे. नगरच्या शेतमजुराच्या पोराला हे समजावून सांगावं लागलं नसेल. त्याची प्रार्थना आणि त्याची चूल एकाच शब्दात बोलत होती.

त्याहून जुना धागा यहुदी घरांतला आहे. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, मराठी बोलणारे यहुदी, त्यांचं ठाण्यातलं सिनेगॉग १८७९ चं आहे. वल्हांडणाच्या सणाच्या जेवणात यहुदी परंपरेप्रमाणे घरातलं सगळ्यात लहान मूल प्रश्न विचारतं : आजची रात्र वेगळी का? आणि मोठ्यांनी उत्तर म्हणून गोष्ट सांगायची. येशूचं शेवटचं भोजन पहिल्या तीन शुभवर्तमानांप्रमाणे याच सणाचं. म्हणजे ज्या जेवणातून ख्रिस्ती लोकांचं प्रभुभोजन आलं, त्या जेवणाची रीतच अशी की पोराने विचारल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. 'जेवताना बोलू नकोस' याच्या अगदी उलट.

आपल्या मराठी ख्रिस्ती घरांनी यात स्वतःची भर घातली. नाताळ आला की करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या. फराळ दिवाळीचा, सण नाताळचा. वसईकडे आणि ईस्ट इंडियन घरांत फुगे तळले जातात. आणि या सगळ्यात पोरांचं काम ठरलेलं. करंजीची कड कातण्याने कापायची, शंकरपाळे वेडेवाकडे पाडायचे, तळायच्या आधीच अर्धे खायचे. शेजारच्या हिंदू, मुसलमान घरी ताट पोचवायचं कामही पोरांचंच. ज्या ताटावरून १८४३ मध्ये शहर फुटलं, ते ताट आज एक सात वर्षांची पोरगी रुमालाने झाकून जिना उतरून शेजारी नेऊन देते आणि बदल्यात चॉकलेट घेऊन येते. आपल्याला त्यात काहीच विशेष वाटत नाही. न वाटणं हीच तर कमाई आहे.

आता परत आपल्याकडे. ही रेल्वे लाईन १८५६ मध्येच इथून खोपोलीपर्यंत गेली होती. पुढे ऑर्डनन्स फॅक्टरी, विम्को, आता आनंदनगर एमआयडीसी, अंबरनाथ म्हणजे शिफ्टचं गाव. नगर, जालना, गोवा, केरळ, कुठून कुठून माणसं इथे कामाला आली. आणि जे मुंबईत कामाला जातात त्यांचा सीएसएमटीपासून घरापर्यंतचा लोकलचा प्रवासच साधारण दीड तासाचा. कानसईतल्या एखाद्या घरात बाबा साडेनऊला पोचतात. पोरगं तोवर मोबाइलवर कार्टून लावून जेवलेलं असतं किंवा पेंगत असतं. हे ख्रिस्ती घरातही तसंच आणि बाकीच्या घरांतही तसंच. जातीने माणसं वेगवेगळ्या पंगतीत बसवली होती, टाइमटेबल वेगवेगळ्या वेळेला बसवतं.

यावर 'मोबाइल बंद करा' असं प्रवचन मी देणार नाही. हा एपिसोडही तुम्ही मोबाइलवरच ऐकताय. पण लक्ष्मीबाईंच्या गोष्टीतून मला जे दिसतं ते सांगतो. त्यांच्या आयुष्यात दोन घरं होती. एका घरात जेवणाचे नियम कडक होते, अन्न शुद्ध होतं आणि पोरं घाबरलेली होती. दुसऱ्या घरात कधी पीठ कमी पडायचं, पाहुणा न सांगता यायचा, आवाज चढायचे, पण कुणालाही उठून जावं लागत नव्हतं. त्या दुसऱ्या घराने माणसं घडवली.

म्हणजे मुलांना जेवण आनंदाचं वाटतं ते शिस्तीमुळे नाही आणि पदार्थांमुळेही नाही. आपली तिथे जागा पक्की आहे, हे कळल्यामुळे. प्रार्थना म्हणायची असेल तर ती सगळ्यात धाकट्याला म्हणू द्या, मग ती पाच सेकंदांत आटपली आणि 'आमेन' म्हणायच्या आधी हात पापडाकडे गेला तरी चालेल. भाजी आवडली नाही तर रमाबाईंचं ताट आठवा, वेगळं खाणारा माणूसही पंगतीतलाच असतो. पोराने नको तो प्रश्न विचारला तर उत्तर द्या, वल्हांडणाची रीत तीच आहे. रोज जमत नसेल तर रविवारी चर्चहून आल्यावरचं दुपारचं जेवण धरा. आणि घाई नको. टिळक पाच वर्षं थांबले होते, आपण पोराने एक घास खाण्यासाठी पाच मिनिटं थांबू शकतो.

तेवढ्या वेळात त्याला श्रीपतची गोष्ट सांगा. तो बारा वर्षांचा होता, कुणाकडे तरी जेवला आणि त्यासाठी अख्खं शहर भांडलं. पोरगं विचारेल, "पण का?" मग बसा समजावत. माझा अंदाज आहे, जेवण लांबेल.

आजच्या भागात इतकंच. 'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल तर नक्की वाचा, प्रवासात वाचायला एकदम झकास पुस्तक आहे. फक्त लोकलमध्ये एकट्याने मोठमोठ्याने हसायची तयारी ठेवा. आणि तुमच्या घरी जेवणाआधी काय म्हणतात, कोण म्हणतं, नाताळला पोरांना कुठलं काम देतात, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर पोटभर जेवा, आणि जमलं तर कुणाबरोबर तरी जेवा!